अर्ध्या डोंगराचा सोबती

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला कुत्रा पाळावा लागत नाही. तो वाटेवर मिळतो. गडाच्या पायथ्याशी तुम्ही गाडीतून उतरता, बुटांच्या नाड्या आवळता, पाण्याच्या बाटल्या मोजता, आणि एवढ्यात कोपऱ्यावरच्या राखेच्या ढिगातून एक स्वारी उठते, अंग झाडते आणि जणू काय आठवड्यापूर्वी पत्र टाकून भेट ठरली होती अशा थाटात पुढे चालू लागते. नाव विचारायचे नाही, गाव विचारायचे नाही. तुम्ही रेंगाळलात तर ती थांबते, तुम्ही बसलात तर ती बसते, आणि तुम्ही डबा उघडलात की साऱ्या सृष्टिसौंदर्याकडे पाठ करून तुमच्याकडे तोंड करते. राजगड म्हणा, कळसूबाई म्हणा, हरिश्चंद्रगड म्हणा, हा अनुभव ज्याला आला नाही असा भटक्या विरळाच.

हल्ली या स्वाऱ्यांना वारही समजू लागले आहेत असा माझा दाट संशय आहे. शनिवारी पहाटे त्या पायथ्याला हजर असतात आणि सोमवारी त्याच वाटेवर त्यांचा मागमूस नसतो. माणसांनी डोंगरांना सुट्टीचा दिवस नेमून दिला, कुत्र्यांनी तो पाठ केला, एवढेच.

पण गड चढून त्याच वाटेने उतरणे निराळे, आणि एका अंगाने चढून माथ्यावरून पलीकडच्या अंगाला उतरणे निराळे. पहिल्या प्रकारात कुत्र्याची सोबत ही निव्वळ मौज असते. सकाळी जिथून उठला तिथेच संध्याकाळी तो जाऊन पडतो. दुसऱ्या प्रकारात मात्र ती सोबत हा एक प्रश्न होऊन बसते, आणि तो नेमका शिखरावर, म्हणजे माणूस सर्वांत अधिक खुशीत असतो तेव्हा, समोर येतो.

आमच्या धंद्यात कुत्रा आणि शिखर हे दोन शब्द एकत्र आले की महाभारत आठवणे क्रमप्राप्तच. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, धर्मराज मागे वळून पाहत नाही. आणि शेवटी इंद्राचा रथ येऊन उभा राहतो तेव्हा हस्तिनापुरापासून मागे लागलेल्या कुत्र्याला टाकून रथात चढायला तो साफ नकार देतो. वर्गात हा भाग शिकवताना मुले गप्प होतात. मीही पुष्कळ वर्षे तो भाविकपणे शिकवला. डोंगर चढू लागल्यापासून मात्र माझ्या मनात एक चहाटळ शंका घोळत असते. धर्मराजाला परत यायचे नव्हते! त्याला पलीकडच्या गावात उतरून गाडी गाठायची नव्हती, आणि त्या कुत्र्यालाही हस्तिनापुरातली आपली गल्ली पुन्हा गाठायची नव्हती. ज्यांना संध्याकाळी घरी जायचे असते त्यांचे काय, याविषयी व्यास काही बोलत नाहीत.

तेव्हा साल्हेरची हकीकत सांगतो.

साल्हेर हा नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात, गुजरातच्या डांगी जंगलाला खेटून उभा आहे. उंची १५६७ मीटर, म्हणजे पाच हजार फुटांच्या वर सुमारे एकशे चाळीस. महाराष्ट्रात कळसूबाईचे शिखर तेवढे याहून उंच, १६४६ मीटर. पण कळसूबाई हा किल्ला नव्हे, त्यामुळे किल्ल्यांत पहिला मान साल्हेरचाच. शिवाजी महाराजांनी तो १६७१ साली घेतला, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी इखलासखान आणि बहलोलखान यांच्या फौजांना मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी दोन बाजूंनी गाठून मोकळ्या मैदानात मोडले. सूर्यराव काकडे तेथेच पडले. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत या लढाईचा धुरळा असा काही उडवला आहे की वाचताना डोळे चोळावेसे वाटतात. हीच बखर त्याने पुढे जिंजीला बसून लिहिली. आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत साल्हेर आणि जिंजी दोघेही आहेत. योगायोग म्हणून नोंदवून ठेवावा असा आहे.

आम्ही गेलो ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. आम्ही म्हणजे मी, आमच्या महाविद्यालयातले भूगोलाचे सहकारी (यांना यापुढे भूगोलसर म्हणू, नाव छापलेले त्यांना आवडत नाही) आणि वाघांब्याचा एक वाटाड्या. साल्हेरला जायच्या दोन ठळक वाटा. एक वाघांब्याहून, साल्हेर आणि त्याचा शेजारी सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढणारी. दुसरी पलीकडून, साल्हेरवाडीहून. वाघांब्याकडून चढायचे, माथ्यावरच्या परशुरामाला नमस्कार करायचा आणि साल्हेरवाडीत उतरायचे, असा आमचा बेत होता. जीप साल्हेरवाडीत येऊन थांबणार होती.

वाघांब्यात उजाडताना अशी थंडी होती की चहाचा पेला हातात धरण्यासाठीच घ्यावा. त्या चहाच्या वेळीच तो आला. अंगाने बारीक, रंगाने विटकरी, एक कान उभा आणि एक कान कधीतरी कोणाशी तरी झालेल्या मतभेदात अर्धा गेलेला. भूगोलसरांनी बशीत बुडवलेल्या बिस्किटाचा गळून पडलेला तुकडा त्याने जमिनीला लागण्याआधी उचलला, आणि करार झाला.

“याचं नाव काय?” मी वाटाड्याला विचारले.

“नाव कशाला असंल, सर? जो भाकर टाकील तो नाव ठेवील,” तो म्हणाला. “त्या पलीकडच्या घरच्या म्हातारीच्या दारात असतो. रात्री राखतो, दिवसा हिंडतो.”

भूगोलसरांनी त्याचे नाव तिथल्या तिथे कोलंबस ठेवले. मला ते पसंत नव्हते, पण बिस्किट त्यांचे होते.

वाघांब्याहून खिंडीपर्यंतची वाट आधी शेतांच्या बांधांवरून आणि मग कारवीच्या उतारावरून जाते. नागली निघून गेलेली, शेतात नुसते बुडखे उभे. माणूस अशा चढावर एक रेघ चालतो. कुत्रा त्या रेघेभोवती वेलबुट्टी काढत चालतो. पुढे पन्नास पावले, मागे तीस, डावीकडे झुडपात, तिथून एका लाव्याला उडवून परत. आम्ही दोन तास चाललो तर तो तीन तासांचे अंतर चालला असेल. आणि त्याला घाम पुसायची सोय नाही. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही; येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. बाकीची सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. म्हणून चढावर कुत्रा धापा टाकू लागला की त्याची कीव करण्यापेक्षा त्याला पाणी पाजावे आणि सावलीत बसू द्यावे, हे उत्तम. भूगोलसरांनी त्याला मनुका देऊ केल्या तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, कांदाही त्याला वर्ज्य. आपल्या खाऊच्या पिशवीतली निम्मी जिन्नस त्याच्या कामाची नसते. भाकरी मात्र चालते. नामदेवाच्या हातची भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडे तूप नव्हते, आणि पळायचे तर तो कशाला पळेल? तो पुढ्यातच बसला होता.

खिंडीत वारा असा येतो की बोलणे अर्धे तोंडात राहते. एका हाताला सालोट्याचा सुळका, दुसऱ्या हाताला साल्हेरचा कातळ. इथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात, मग एकामागून एक दरवाजे, आणि पुढे कड्याच्या पोटातून जाणारी ती विलक्षण वाट: एका अंगाला गुहांची रांग, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. ज्या कोणी ही वाट कोरली त्याच्या छातीला आणि छिन्नीला नमस्कार असो. पायऱ्या गुडघ्याएवढ्या. भूगोलसर प्रत्येक पायरीवर बसाल्टाच्या थरांची माहिती देत होते. दम खाण्याची ही त्यांची सुसंस्कृत रीत आहे. कोलंबस मात्र दोन-दोन पायऱ्या एका उडीत घेत दरवाजाच्या उंबरठ्यावर जाऊन बसे आणि खाली आमच्याकडे पाही. गडकऱ्यांच्या मुद्रेवर जो भाव असायला हवा तो त्या अर्ध्या कानाखाली मी त्या दिवशी पाहिला.

वरचे पठार ऐसपैस आहे. गंगासागर तलाव, काठाशी रेणुकेचे पडके देऊळ, जवळच राहण्याजोग्या गुहा. कोलंबस तलावाशी पोटभर पाणी प्यायला आणि ओल्या पायांनी आमच्या सतरंजीवर येऊन बसला. इथवर सगळे छान चालले होते. मी मनाशी या लेखाची वाक्येसुद्धा जुळवीत होतो, आणि त्यांत कुत्र्याच्या इमानावर एक परिच्छेद तयार होता.

शेवटचा चढ परशुरामाच्या देवळाचा. उभा सुळका आणि टोकावर ते चिमुकले देऊळ. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवले, अशी लोकांची श्रद्धा आहे. पृथ्वी दान करून टाकल्यावर स्वतःला उभे राहायला जागा उरली नाही म्हणून ही खटपट. वरून पाहिले की पूर्वेकडे मुल्हेर, मोरा, हरगड हे त्रिकूट, मांगी-तुंगीचे जोडसुळके, न्हावीगड. पश्चिमेला डांगचे जंगल धुक्यात विरत गेलेले. माथ्यावर उभे राहून एका बाजूला पाहिले तर वाघांब्याकडचे डोंगर दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला वळले की साल्हेरवाडीकडचे खोरे. माणसाला ही दोन गावे म्हणजे एका दिवसाच्या दोन टोकांची नावे.

कुत्र्याला तसे नसते, हे वाटाड्याने तिथे सांगितले.

आम्ही उतरायच्या तयारीला लागलो तेव्हा तो म्हणाला, “सर, हा आता इथून माघारी गेला पाहिजे. पलीकडं नेऊ नका.”

“त्याला वाट ठाऊक असेलच की,” भूगोलसर म्हणाले. “कुत्र्याचं नाक म्हणजे होकायंत्र. आपल्याला सोडून संध्याकाळी मागे येईल.”

“नाक आहे, पण वाडीच्या कुत्र्यांनाही नाक आहे ना, सर.”

मग त्याने एक गोष्ट सांगितली. वाडीत त्याची सासुरवाड आहे. काही वर्षांमागे वाघांब्याहूनच एक कुत्री शहरातल्या मंडळींबरोबर अशीच डोंगर ओलांडून गेली. मंडळींनी तिला दिवसभर बिस्किटे घातली, फोटो काढले, शेवटी गळ्यात हात टाकून आणखी एक फोटो काढला आणि ती गाडीत बसून निघून गेली. कुत्री गाडीमागे धावली. दमली तेव्हा जिथून गाडी सुटली होती तिथे परत आली आणि बसली. वाडीतल्या कुत्र्यांनी पहिल्याच रात्री तिचा मागचा पाय फोडला. तरी ती तिथेच. सासूने भाकरी टाकली तर खाई, पण रस्त्याकडचे तोंड वळवीना. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी ती तिथे नव्हती.

“वाघरू,” तो म्हणाला. तिकडे बिबट्याला असेच म्हणतात.

यात कल्पनेचा भाग फार नसावा. २०१४ साली विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतीवस्तीत, म्हणजे कळसूबाईच्याच तालुक्यात, राहणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वजनाच्या हिशेबाने जवळजवळ चाळीस टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यामेंढ्या, गुरे सगळी त्याच्या मागे. अंगण असलेल्या, माणूस असलेल्या, रोजच्या आडोशाच्या कुत्र्यालाही जिथे हा धाक, तिथे जखमी, परगावी, उघड्या रस्त्यावर बसलेल्या कुत्रीचे काय होणार? कुत्र्याचा मुलूख लहान असतो. चार घरे, एक उकिरडा, एक ओढा. त्या मुलखात त्याला कोणाचे तरी अंगण असते आणि संकटात भुंकले तर उठणारे कोणीतरी असते. आपण त्याला डोंगराचा राजा समजून वर नेतो; पलीकडच्या उतारावर पहिले पाऊल पडताच तो निर्वासित होतो.

आल्प्सच्या इतिहासात चिंगेल नावाची एक कुत्री आहे. ख्रिश्चन आल्मर या स्विस वाटाड्याने १८६५ साली पिल्लू असताना तिला आपल्याबरोबर चिंगेल खिंड ओलांडून नेले, म्हणून तिचे नाव चिंगेल. पुढे १८६८ मध्ये त्याने ती कूलिज या तरुण गिर्यारोहकाला दिली, आणि कूलिज व त्याची मावशी मिस ब्रेव्हूर्ट यांच्याबरोबर तिने कितीतरी शिखरे पाहिली. १८७५ साली तर माँ ब्लांच्या माथ्यावर जाऊन आली. इंग्रजांनी तिचे कौतुक पुष्कळ केले आहे, आणि ते योग्यच आहे. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. खिंडीपलीकडे नेलेल्या त्या पिल्लाला पलीकडे घर होते. डोंगर ओलांडून जो घेऊन गेला, तो तिला दाराशी बांधणारही होता.

तर शिखरावर आमची सभा भरली. वाटाड्याने कोलंबसाला हाकलून पाहिले. दगड उचलल्याचा आव आणला. कोलंबस दहा पावले मागे सरला, बसला, आणि आम्ही वळताच पुन्हा मागे. दुसऱ्यांदा वाटाड्याने खराच दगड त्याच्या शेजारी आपटला. त्याने दगड हुंगला. सकाळपासून या मंडळींकडून जे जे पडले ते खाण्याजोगे होते, असा त्याचा अनुभव. तो एका दगडाने कसा बदलणार?

“मी याला घेऊन खिंडीतून माघारी जातो, तुम्ही दोघं उतरा,” वाटाड्या म्हणाला. पण साल्हेरवाडीकडच्या पायऱ्या आणि दरवाजे आम्हाला नवे, आणि ऊन कलू लागलेले. भूगोलसरांनी नकाशा काढला, पाहिला, घडी केली. मग ते म्हणाले, “जीप वाघांब्यावरूनच जाणार ना? मग चौघेही जीपने जाऊ.” मी त्यांना ओळखतो त्या पंधरा वर्षांत नकाशातून इतका शहाणा निष्कर्ष त्यांनी काढलेला मला आठवत नाही.

उतरण चढणीहून अवघड निघाली, आमच्यापेक्षाही त्याला. कुत्र्याचे निम्म्याहून अधिक वजन एरवीही पुढच्या पायांवर असते. उंच पायऱ्या उतरताना ते सगळेच खांद्यांवर येऊन आदळते. सकाळी दोन-दोन पायऱ्या उडणारा गडकरी आता प्रत्येक पायरीच्या काठाशी उभा राहून कुं-कुं करू लागला. दोन ठिकाणी वाटाड्याने त्याला सरळ काखोटीला मारले. एका दरवाजापाशी त्याने पंजा चाटायला घेतला तेव्हा पाहिले, गादी सोलपटली होती. दिवसभर कातळावर वेलबुट्टी काढल्याचा हिशेब. पाण्याने धुऊन मी रुमाल बांधला. तो त्याने पुढच्या वळणापर्यंत ठेवला आणि मग खाल्ला.

साल्हेरवाडीची पहिली घरे दिसली तसे वाटाड्याने खांद्यावरचे उपरणे काढून कोलंबसाच्या गळ्यात बांधले आणि टोक मनगटाला गुंडाळले. त्याचे कारण लगेच कळले. एक भुंकली, मग तीन, मग किती ते मोजायला सवड नव्हती. कोलंबसाची शेपटी, जी सकाळपासून झेंड्यासारखी वर होती, ती पोटाखाली गेली आणि तो वाटाड्याच्या पायांत शिरला. आम्ही दोघे प्राध्यापक, हातात काठ्या, दोन बाजूंना. भूगोलसर “हाड् हाड्” असे ज्या आवाजात म्हणत होते तो आवाज त्यांनी वर्गात कधी काढला असता तर त्यांच्या तासाला मागचे बाकडे शांत राहिले असते. गावातल्या एका बाईने अंगणातून येऊन दोन शिव्या घातल्या तशी ती फौज पांगली. आमच्या काठ्यांना कोणी भीक घातली नव्हती.

जीपवाल्याने आमच्याकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले आणि मान हलवली. गाडी आजच धुतली होती. मी त्याला वाटाड्याने सांगितलेली कुत्रीची गोष्ट सांगू लागलो, पण तो मध्येच म्हणाला, “ठाऊक आहे, सर. इथंच बसायची.” आणि त्याने रस्त्याच्या कडेच्या एका आंब्याकडे हनुवटीने दाखवले. मग स्वतःच मागचे फाळके उघडले.

वाहनात बसायची कोलंबसाची ती पहिलीच खेप असावी. सबंध वाट तो वाटाड्याच्या मांडीत तोंड खुपसून थरथरत होता. वाघांब्याच्या अलीकडे एका वळणावर त्याने एकदम मान वर केली, अर्धा कानसुद्धा ताठ झाला. कसला तरी वास आला असेल. ओढ्याचा, त्या उकिरड्याचा. गाडी पुरती थांबली नव्हती तोच त्याने उपरण्यासकट उडी घेतली आणि लंगडत, पण शेपूट वर करून, पलीकडच्या घराकडे सुटला. मागे वळून वगैरे पाहिले नाही. वाटाड्या उपरण्यासाठी त्याच्या मागे धावला.

दारात म्हातारी तांदूळ पाखडत होती. “आला का मेला हिंडून?” एवढे ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवून आत गेली.

ताहराबादला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. जीपवाल्याने भाड्याचा हिशेब केला तो चार माणसांचा. भूगोलसर म्हणाले, आम्ही तर तिघेच. त्यावर तो म्हणाला, चौथा मागे मांडीवर होता, आणि त्याने फाळक्याला जे केले आहे ते उद्या मलाच धुवायचे आहे. भूगोलसरांनी मुकाट्याने पैसे मोजले, वर सुटे दहा रुपये साबणासाठी दिले आणि टिपणवहीत खर्चाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले: कोलंबस, साल्हेरवाडी ते वाघांबे, एकेरी.